दोघांपुरतं घर

१

आधीच सांगतो, लिहिताना चुका होतील, त्या पदरात घ्या. आठवी अर्धी टाकून मी शाळा सोडली. वेलांटी पहिली की दुसरी, हे मास्तरांनी खूप घोटून घेतलं, पण माझ्या हाताला ते लागलं नाही. शब्दही माझ्याकडे रोजच्या बोलण्यातलेच आहेत. चारचौघांत बोलायला उभा राहिलो की माझे कान तापतात आणि अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून घडलं तसं लिहून काढतो.

माझं नाव बिरदेव. शिरूरच्या बायपासला जालिंदरशेठचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथं मी पत्र्याच्या केबिन बनवतो. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूडची जमीन, भिंतीला दोन पत्र्यांच्या मधे फोम, वर उतरतं छप्पर. कंपनीच्या गेटवर वॉचमन बसतो तसली. हल्ली शेतात राहायलाही लोक नेतात.

आई गेली तेव्हा मी लहान होतो. वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, कुशाआत्यानं, मला दौंडला नेऊन वाढवलं. तिचे मालक, आमचे आण्णा, रेल्वेत इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांनी दौंडात जुनं दुमजली घर विकत घेतलं होतं. मुलं होतील म्हणून एवढं मोठं घेतलं, ती झाली नाहीत. त्या घरात आम्ही तिघं खालच्या खालीच राहायचो. वरच्या खोल्या बंद असायच्या. आत्या मधूनमधून वर जाऊन झाडून यायची आणि पुन्हा कडी लावायची.

रिटायर झाल्यावर आण्णांचं मन त्या घरातून उठलं. गुडघे धरले होते, जिना नको वाटायचा. मोबाईलवर ते लहान घरांचे व्हिडिओ बघत बसायचे, भिंतीतून निघणारं टेबल, पलंगाखालचे खण. "माणसाला लागतं किती, बिऱ्या?" असं मला फोन करून विचारायचे. इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या अंगाला त्यांचा जमिनीचा तुकडा होता. दौंडचं घर विकायचं आणि तिथं एक खोली टाकून राहायचं ठरलं. खोली अर्थात मीच बनवायची.

मी ती जीव लावून बनवली. दोन भिंतींना दोन पलंग, मधे चालायची वाट. एका टोकाला ओटा आणि सिंक, दुसऱ्या टोकाला दार. मागं संडास-बाथरूम. पलंगाजवळच्या भिंतीला दुमडायचं टेबल. आत्याचं एकच मागणं होतं, निवडणं-टिपणं करायला खिडकीजवळ बसता यावं. म्हणून तिचा पलंग मी खिडकीखाली घेतला. दोन माणसं आणि त्यांचं सामान एवढंच मावेल, तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही, असं ते घर होतं. आत्या म्हणाली, मग तू आलास की कुठं बसशील? मी म्हटलं, पायरीवर.

२

सामान कमी करण्यातच दिवाळी गेली. कपाट शेजारच्या गिताबाईंना गेलं, पितळेचे हंडे मोडीत, गाद्या अनाथाश्रमाला. आण्णांनी नियम घातला होता, प्रत्येक वस्तूचा जोड ठेवायचा, वर काही नाही. दोन ताटं, दोन वाट्या, दोन कप, दोन घोंगड्या. आत्याला तिसरी ताटली ठेवायची होती, माझ्यासाठी. आण्णा म्हणाले, तो काय रोज येणार आहे का. तिनं गुपचूप ती पिशवीत घातली, त्यांनी हसत काढून बाजूला ठेवली.

गाडी भरून झाल्यावर जे झालं ते तेव्हा मला गोडच वाटलं होतं.

आमची माणसं पूर्वी मेंढरांमागं फिरायची. आण्णांचं लहानपण तळावरच गेलं, आत्याचंही. तळ हलवायचा असला की बायका-पोरं आपापल्या बोचक्याजवळ बसून राहायची. घरातला थोरला माणूस सगळ्यात शेवटी मोकळ्या तळावर उभा राहायचा आणि हाक द्यायचा. ती आल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि आली की कुणी मागं राहायचं नाही. झोपलेलं पोर, म्हातारी, कुत्रं, सगळ्यांसाठी ती एकच हाक असायची. आत्या सांगायची, लहानपणी तिला ताप भरला असला तरी हाक ऐकली की पाय आपोआप उचलायचे.

आण्णा त्या दिवशी रिकाम्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. गाडी रस्त्यावर चालू होती. आम्ही दोघं बाहेर उंबऱ्यापाशी. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि वर तोंड करून हाक दिली.

"चला रं समदी. कुणी मागं ऱ्हाऊ नगा."

रिकाम्या घरात आवाज घुमला. आत्या पदरानं डोळे पुसत हसली. म्हणाली, अवं, हाय कोण आता मागं?

३

पहिले दोन महिने मी सुट्टीच्या दिवशी जायचो. पायरीवर बसायचो, आत्या आतून भाकरी द्यायची. लहान जागेत राहायची दोघांना सवय होत चालली होती. ते बघायला मला मजा वाटायची. आण्णा ओट्याकडे निघाले की आत्या पलंगावर पाय वर घ्यायची. आत्या दाराकडे आली की आण्णा गुडघे भिंतीकडे वळवायचे. बोलायची गरज नसायची. दोन बैल एका जुवाला सरावतात तसं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी दुपारी पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. आण्णा त्यांच्या पलंगावर आडवे, मोबाईल छातीवर, डोळे मिटलेले. आत्या तिच्या पलंगावर तांदूळ निवडत होती, पाय खाली सोडलेले. उन्हानं पत्रा टिकटिक करत होता. थंडीतसुद्धा दुपारी पत्रा तापतो, फुगतो आणि वाजतो, त्यात नवल नाही.

आत्यानं सूप मांडीवर धरूनच पाय वर घेतले. थोडा वेळ थांबली. मग पुन्हा खाली सोडले.

मी आत बघितलं. आण्णा हलले नव्हते. वाटेत कुणी नव्हतं.

मी विचारलं, आत्या, काय झालं? ती म्हणाली, कुठं काय? तिनं ते केलं होतं हे तिलाच ठाऊक नव्हतं. मुंग्या असतील, पायाला कळ आली असेल, म्हातारं माणूस आहे, असं मी मनाशी म्हटलं. पण थोड्या वेळानं आण्णांनी, डोळे मिटलेलेच, आपले गुडघे भिंतीकडे वळवले. आणि ओट्याजवळच्या प्लायचा सांधा वाजला. तो सांधा मी ओळखतो, मीच बसवला होता. त्याच्यावर वजन पडलं की तो वाजतो.

४

शेडवर मी सगळा आठवडा त्याच गोष्टीवर डोकं चालवलं. केबिन सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी असते. काळ्या मातीत एखादा ठोकळा बसला तर सगळा सांगाडा पीळ खातो, मग कुणी न चालता सांधे बोलतात. हे मला पटलं. पुढच्या रविवारी पाना आणि लेव्हल घेऊन गेलो.

आण्णा आत पेपर वाचत होते. आत्या लांब, बांधावर हरभऱ्याची भाजी खुडत होती. मी पाठीवर सरकत केबिनखाली गेलो. खाली गार होतं, मातीचा वास होता. ठोकळे बघितले, एकही बसलेला नव्हता. बोल्ट बघितले, घट्ट होते. लेव्हलचा बुडबुडा मधोमध होता.

तेवढ्यात डोक्यावर पाऊल वाजलं. खालून पावलं फार स्पष्ट कळतात, प्लाय किंचित खाली दबतो तेही दिसतं. दारापासून ओट्यापर्यंत कुणीतरी चाललं. आण्णांच्या पावलात गुडघ्यामुळं घसट आहे, हे पाऊल तसं नव्हतं. हलकं, सावकाश, पायाची बोटं आधी टेकणारं. मला वाटलं, आत्या आली वाटतं. मान वळवून बघितलं तर केबिनच्या कडेखालून बांध दिसत होता, आणि आत्या वाकलेली होती तशीच होती.

पाऊल ओट्यापाशी थांबलं. मग परत आलं आणि खिडकीखाली, आत्याच्या पलंगाशी थांबलं. पलंगाची कुरकुर झाली. वर आण्णांनी पेपरचं पान उलटलं आणि शांतपणे काहीतरी वाचून दाखवलं. कांद्याच्या बाजाराची बातमी होती ती. वाचून ते थांबले, जसं ऐकणाऱ्याच्या हुंकारासाठी माणूस थांबतो.

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या शर्टाला सगळी माती लागली होती. दारातून डोकावलो. आण्णा एकटे होते. मी विचारलं, कुणाला वाचून दाखवताय? ते म्हणाले, "आत्याला तुझ्या. आन् कुणाला?" त्यांचं बोट खिडकीखालच्या पलंगाकडे गेलं. मग त्यांना माझ्या मागून, हातात भाजीची ओटी घेऊन येणारी आत्या दिसली. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहतात तसं, आणि पेपर पुन्हा वर धरला.

५

त्यानंतर आत्या हळूहळू बाहेर सरकत गेली. मी दर वेळी गेलो की ती आधीपेक्षा थोडी दाराजवळ असायची. आधी पलंगाच्या कडेवर. मग खाली, पलंगाला टेकून. मग उंबऱ्याशी. तिची घोंगडी खिडकीखालच्या पलंगावरून खाली आली होती आणि घडी घालून दाराच्या कोपऱ्यात ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, पत्र्यात उकडतं. तेव्हा माघ चालू होता, सकाळी तोंडातून वाफ निघायची.

मी तिला म्हटलं, शिरूरला माझ्या खोलीवर चल चार दिवस. ती म्हणाली, ह्यांच्या गोळ्या कोण देईल, ह्यांना साखर चालत नाही, चोरून खातात. मी आण्णांशी बोलायचं ठरवलं. शेडवर केबिन रंगवताना सगळं पाठ केलं, आणि त्यांच्यासमोर गेल्यावर नेहमीसारखं अर्धंच आलं. आण्णा, आत्या खाली का झोपते, एवढंच विचारलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाले, ती तर तिच्या जागेवरच असते, तुला दिसत नाही का.

आणि मग एक सकाळ आली. मी कामावर जाताना वाट वाकडी करून गेलो होतो. आत्या पायरीवर बसली होती, माझ्या जागेवर, घोंगडी पांघरून. केसांवर दंव होतं. रात्र तिनं तिथंच काढली होती हे विचारायला नको होतं. आत आण्णा चहा करत होते. त्यांनी दोन कप भरले. एक स्वतःच्या उशाशी ठेवला, दुसरा अलीकडून पलीकडे हात लांबवून खिडकीखालच्या पलंगावर ठेवला. मग आपण बसले आणि फुर्र करून प्यायला लागले.

मी म्हटलं, आण्णा, आत्याला चहा?

त्यांनी माझ्याकडे खरंच न समजून बघितलं.

"दोघांचाच ठेवलाय, बिऱ्या. घरात दोनच तर कप हायत."

आत्यानं मान वळवली नाही. ती शेजारच्या शेतातल्या उसाकडे बघत होती. खिडकीखालच्या कपातून वाफ निघत होती. मी त्या वाफेकडे बघत राहिलो. ती सरळ वर जात होती आणि मधेच, कुणी फुंकर मारावी तशी, वाकडी झाली. खिडकी बंद होती. दारातून वारा आला असेल. असेलही.

६

मी आत्याला गाडीत बसवून बांधापर्यंत नेलं आणि तिथं थांबवून विचारलं. जालिंदरशेठची पिकअप होती. आधी ती नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग म्हणाली की तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. ओट्याशी उभी असली की मागून कुणीतरी जायचंय असं वाटायचं, ती अंग चोरायची आणि ते जायचं. तिला त्याचा रागही आला नव्हता. उलट ओळखीचं वाटलं होतं.

"दौंडलाबी व्हतंच की रं ते. वरच्या खोल्या झाडायला जायची तवा मला वाटायचं, कोनतरी आत्ताच उठून पल्याडच्या खोलीत गेलंय. पर तितं कवा आडवं आलं न्हाई. जागा व्हती ना. आपन खाली, ते वर. आन् ह्यांनी समद्यांना हाक दिली."

माझ्या डोळ्यांसमोर जिन्याच्या पायथ्याशी वर तोंड करून उभे असलेले आण्णा आले.

तिला भुताखेतांचं काही करायचं नव्हतं. भगत नको, अंगारा नको म्हणाली. तिचं म्हणणं साधं होतं. घर दोघांचं आहे, तिसरं आलंय, म्हणून एकाला बाहेर जावं लागतंय, आणि ती बाहेर जाणारी तीच आहे. आता पायरीपर्यंत आली, पुढं कुठं जाईल ते तिला कळत नव्हतं. तिला फक्त तिची खिडकीखालची जागा परत हवी होती. तिनंच तोड काढली. आण्णांच्या मागं मागं ते येतं, तर आण्णांना दौंडला न्यायचं. घर विकलं होतं, पण घेणाऱ्याची वास्तुशांत व्हायची होती, किल्ली गिताबाईंकडे होती. तिथं थोडं बसायचं. आणि मग हाक न देता निघून यायचं. एकेकानं उठायचं, गाडीत बसायचं, भीमेचा पूल ओलांडेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही.

मला ते पोरखेळ वाटलं आणि पटलंही. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

७

आण्णांना सांगितलं की घेणाऱ्याला पाण्याच्या लाईनचा कॉक सापडत नाही, दाखवून यायचंय. ते खुशीत तयार झाले. पिकअपला पुढं तिघं बसतात. मी स्टिअरिंगवर बसलो, आण्णा दाराच्या बाजूला बसले. आत्या चढायला आली आणि थांबली. मधे जागा होती, माझ्या डोळ्यांना तरी रिकामी दिसत होती. पण आण्णा दाराला चिकटून, खांदा आकसून बसले होते, आणि मीसुद्धा, आता आठवतंय, कोपर अंगाशी घेतलं होतं. आत्या काही न बोलता मागं गेली आणि हौद्यात चढून, आमच्या सीटमागच्या काचेला पाठ लावून बसली.

उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं आम्ही दौंड गाठलं. गिताबाईंनी कुलूप उघडून दिलं, सगळ्यांची चौकशी केली आणि आत्याला म्हणाल्या, वाळली गं तू कुशाबाई, पत्र्याच्या डब्यात जीव रमंना वाटतं. घरात पडलेल्या भेगा, खिळ्यांची भोकं, जिथं कपाट होतं तिथला फिका चौकोन. आम्ही बोलायचो ते चारी भिंतींना लागून परत यायचं. आण्णांनी मलाच कॉक दाखवला, घेणारा नव्हताच, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मग ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. आत्या म्हणाली, एकदा वरच्या खोल्या बघून येते. ती कठडा धरून वर गेली. वर तिची पावलं या खोलीतून त्या खोलीत गेली आणि थांबली.

आम्ही तसेच बसून राहिलो. रेल्वेच्या यार्डातून डबे जोडल्याचा आवाज येत होता. माझ्या अंगावर हळूहळू काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. ते घर भरल्यासारखं वाटत होतं, आणि तरी कुणाला कुणाची अडचण नव्हती. आण्णांनी पाय लांब सोडले. इतक्या दिवसांत त्यांना तसे पाय सोडून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते उठले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. मग मी उठलो. आत्याला हाक द्यायची नव्हती, ठरलंच होतं. मी उंबरा ओलांडला तेव्हा मागं जिन्यावरून पावलं उतरताना ऐकली आणि मला बरं वाटलं. मी वळून बघितलं नाही. गाडी चालू केली. मागचा हौदा किंचित खाली दबला. समोरच्या आरशात, काचेपलीकडे पदर घेतलेलं डोकं दिसलं, काचेला पाठ लावून, येताना होतं तसंच.

८

पुलावर भीमेचा गार वारा लागला. आण्णा सीटवर मधोमध सरकून ऐसपैस बसले होते. त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. मला हसू आलं. मी आरशात बघून मागं हात हलवला, पण ती उलट्या तोंडाची, तिला कुठं दिसणार.

बांधावर पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. हौदा हलका झाल्याचं मला सीटवर कळलं. आण्णा उतरून केबिनकडे गेले. मी गाडीतली पाण्याची बाटली शोधत राहिलो, तोवर ती त्यांच्या मागून आत गेली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. पायरीवर ती थांबली नाही, सरळ आत गेली. मी मनात म्हटलं, मिळाली जागा.

मी दारापर्यंत गेलो. आत अजून लाईट लावला नव्हता. आण्णा आपल्या पलंगावर बसले होते, चेहरा समाधानी. खिडकीखालच्या पलंगावर ती बसली होती, तोंड खिडकीकडे. पाय खाली सोडलेले, आणि बोटं जमिनीवर आधी टेकलेली, टाच वर.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गिताबाईंचा होता.

त्यांनी हळू आवाजात विचारलं की आम्ही परत कधी येतोय. संध्याकाळी दार लावायला गेल्या तर कुशाबाई वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाडी गेली, असं दोनदा सांगितलं तरी उठत नव्हत्या.

"म्हनत्यात, हाक आली न्हाई. आल्यावर उठते. अंगात ताप बी न्हाई, काय न्हाई. तुमी तशेच कसं गेलात, बाबा?"

खिडकीकडचं डोकं माझ्या बाजूला वळायला लागलं होतं. अगदी सावकाश. पदराखाली गालाची कड दिसली, तेवढीच. मी फोनकडे खाली बघितलं. आण्णांनी विचारलं, कुणाचा फोन आहे. मी म्हटलं, शेडवरचा. आणि पायरीवरून मागं मागं उतरलो.

९

गिताबाईंना फोनवर सांगितलं की आत्याजवळ बसून राहा. मग गाडी दामटली. पण ट्रॅक्टरच्या रांगेत अडकलो आणि पोहोचलो तेव्हा त्या दोघी तिथंच घोंगडी अंथरून आडव्या झाल्या होत्या. मीही खालच्या पायरीवर बसून राहिलो. उजाडल्यावर वर गेलो, तोंडातून चकार शब्द काढला नाही, आत्याचा हात धरला आणि तिला लेकरासारखं उठवून खाली आणलं. या वेळी पुढं माझ्या शेजारी बसवलं. तिचा हात माझ्या हातात होता, गार होता, पण तिचाच होता. बोटाला विळ्याचा जुना वण होता.

वाटेत मी तिला सगळं सांगितलं. शिरूरला माझ्या खोलीवर जाऊ म्हटलं तर होकाराची मान हलवली, आणि मग म्हणाली, आधी शेतावर घे. ह्यांच्या गोळ्या तिच्या पिशवीत राहिल्या होत्या.

मी गाडी बांधावर थांबवली. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. ऊन पत्र्यावर आलं होतं आणि तो नेहमीसारखा टिकटिकत होता. आण्णांचा आवाज आला, झोपेतून उठलेल्या माणसाचा, सुखाचा.

"कुशे, बिऱ्याची गाडी आली बघ. च्या टाक."

आत गॅसचा लायटर वाजला. एकदा, मग परत. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. आत्या माझ्या शेजारी बसली होती, गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेऊन. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली.

"त्यास्नी बिनसाखरंचा लागतो," ती म्हणाली. "तिला ठाव असंल का रं?"

मी तिच्या मांडीवरची पाकिटं घेतली, खाली उतरलो, केबिनपर्यंत गेलो आणि पायरीवर ठेवून वर एक दगड ठेवला. आत कपबशी वाजली. मी डोकावलो नाही. येऊन गाडीत बसलो. वळवायला तिथं भरपूर जागा होती, ट्रक वळतो एवढी. तरी मी रिव्हर्स टाकला आणि उसाच्या कडेकडेनं डांबरीपर्यंत गाडी तशीच मागं नेली. मला त्या दाराकडे पाठ करायची नव्हती, आणि आत्यालाही करू द्यायची नव्हती.